जांघेतली नाडी

आमच्या दारव्हा तालुक्यात एप्रिल-मे महिन्यात पोरांचा घोळणा फुटला तर कोणी मनावर घेत नाही. पारा ४४-४५ वर गेलेला असतो, शाळेला सुट्या असतात आणि पोरं दिवसभर कोरड्या नाल्यात हुंदडत असतात. नाकातून रक्त आलं की डोक्यावर गार पाणी ओतायचं, कांदा फोडून हुंगायला द्यायचा आणि सावलीत निजवायचं. आईने, आजीने हेच केलं आणि बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतंही.

गजूचा घोळणा दिवाळीतही फुटायचा. काकू म्हणायची, "याच्या अंगातच ऊन हाय बाप्पा." गजू माझा सगळ्यांत धाकटा चुलतभाऊ. त्याच्या वरच्या अंगाकडे पाहून लोक त्याला तालमीतला समजायचे. दंड भरलेले, छाती रुंद, आणि खाली पाय बारीक. कबड्डीत पहिल्या डावात तो सगळ्यांना भारी पडायचा, पण थोड्या वेळाने पोटऱ्या भरून आल्या की मैदानाच्या कडेला जाऊन बसायचा. हिवाळ्यात त्याचे हात गरम आणि पाय गार असायचे. डोकं दुखतं म्हणायचा. पोलीस भरतीसाठी त्याने मनापासून तयारी केली होती. गोळाफेकीत चांगले गुण पडले, १६०० मीटरच्या धावण्यात मात्र पोटऱ्यांनी दगा दिला. त्यामुळे वैद्यकीय तपासणीपर्यंत तो पोचलाच नाही. एकदा गावातल्या रक्तदान शिबिरात बीपी जास्त भरलं म्हणून त्याला परत पाठवलं. पोरगं सुई पाहून घाबरलं असेल, असं तिथल्या डॉक्टरांना वाटलं. पंचविशीच्या आतल्या, शेतात राबणाऱ्या पोराला बीपी असेल असं कोणाला वाटणार?

आज या गोष्टी ओळीने लिहिल्या की त्यांचा एकमेकींशी संबंध दिसतो. घडत होत्या तेव्हा त्या वेगवेगळ्या वर्षांत, वेगवेगळ्या लोकांसमोर घडत होत्या. घोळणा काकूने पाहिला, पोटऱ्या मित्रांनी पाहिल्या, बीपी शिबिरातल्या डॉक्टरांनी पाहिलं. हे सगळं एका जागी मांडून पाहणारं कोणी नव्हतं.

दसऱ्याच्या सुमाराची गोष्ट. पहिली वेचणी सुरू होती. संध्याकाळी कापसाचं गाठोडं बंडीत टाकायला गजूने उचललं आणि तसंच खाली सोडलं. दोन्ही खांद्यांच्या मधोमध हात नेण्याचा प्रयत्न करत तो काकांना म्हणाला, "बाबा, पाठीत काहीतरी फुटलं." सगळ्यांना वाटलं उसण भरली. घरी आणून तेल लावलं, शेकलं. रात्री जेवायला उठवलं तर मान ताठ झालेली, वाकवता येईना. त्यानंतर पाय मुंग्यांनी भरले. पहाटे लघवीला जायचं म्हणून त्याने पाय खाटेखाली सोडले, तर ते त्याचं ऐकेनात. लघवीही होईना, ओटीपोट तटतटलेलं. मी पोचले तेव्हा १०८ ची गाडी दारात होती. मला पाहून तो म्हणाला, "ताई, माये पाय मले समजून नाही राह्यले."

जिल्ह्याच्या ठिकाणी पहिला प्रश्न आला, "फवारणी केली होती का?" केली होती, दोनच दिवसांपूर्वी. यवतमाळ जिल्ह्यात हा प्रश्न पहिला येणं रास्तच आहे. २०१७ च्या मोसमात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन इथे वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. पण गजूच्या तोंडाला लाळ नव्हती, अंगाला घाम नव्हता, बाहुल्या बारीक झाल्या नव्हत्या. मग सिकलसेलची तपासणी झाली. विदर्भात पाठ-हाडं ठणकत आलेल्या तरुणाची ती करतातच. ती नकारात्मक आली. रात्री जमिनीवर झोपला होता का, मण्यार चावला असेल का, हेही विचारून झालं. इथल्या मातीत जे जे होतं ते सगळं डॉक्टरांनी तपासलं, याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. बीपी २०० च्या वर होतं. दुखण्याने ते वाढतंच. छातीचा एक्स-रे काढला, फुफ्फुसं स्वच्छ होती. नागपूरला न्या म्हणाले.

कळंब, देवळी, वर्धा, बुटीबोरी. हा रस्ता आमच्याकडच्या प्रत्येक घराला असा पाठ आहे. आजारी माणसाला घेऊन जाताना त्यावरचा प्रत्येक गतिरोधक पाठीला लागतो. गजूच्या तर खरोखरच लागत होता.

नागपुरात एमआरआय झाला. मज्जारज्जूच्या भोवती, छातीच्या वरच्या भागात रक्त साकळलं होतं. मेंदूत रक्तस्राव होतो हे आपण ऐकलेलं असतं, आजूबाजूला कोणाला तरी झालेला असतो. मेंदूला जी आवरणं आहेत तीच खाली पाठीच्या कण्यात उतरतात आणि तिथेही रक्तस्राव होऊ शकतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. मान ताठ झाली ती त्यामुळेच. रक्त त्या आवरणांना चिडवतं.

पण ते आलं कुठून? पडला नव्हता, मार लागला नव्हता, रक्त पातळ करणारी गोळी नव्हती. शिरांचा जन्मजात गुंता असेल, असा वरिष्ठांचा अंदाज होता. दुपारच्या पाळीला एक निवासी डॉक्टर आली. वयाने गजूएवढीच असेल. तिने त्याचं पांघरूण बाजूला केलं, एका हाताची बोटं त्याच्या मनगटावर ठेवली आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं जांघेत खोल दाबली. बराच वेळ ती तशीच उभी राहिली. डोळे कुठेतरी भिंतीकडे, लक्ष सगळं बोटांत. मग तिने दुसरी जांघ पाहिली, पावलाच्या वरची नाडी पाहिली आणि नर्सला मांडीला बसेल असा मोठा पट्टा आणायला सांगितलं. हातात बीपी २०० च्या पुढे होतं, पायात कसंबसं ११०. निरोगी माणसात पायातलं वरचं बीपी हाताइतकं किंवा थोडं जास्तच असतं.

"याचा एक्स-रे काढलाय का कुठे?" तिने विचारलं. यवतमाळहून आणलेली फिल्म काकांच्या पिशवीत, रेशनकार्डाच्या झेरॉक्समध्ये घडी पडून होती. तिने ती खिडकीला धरली आणि मला जवळ बोलावलं. "ताई, इथे बघा. या बरगड्यांची खालची कड सरळ हवी." ती सरळ नव्हती. चौथ्या-पाचव्या बरगडीपासून खाली, पाठीच्या बाजूला, कडेला लहान लहान खाचा होत्या, उंदराने कुरतडावी तशी ती हाडं दिसत होती. प्रत्येक बरगडीच्या खालून एक धमनी जाते. ती धमनी वर्षानुवर्षं फुगून, नागमोडी होऊन धडधडत राहिली की हाडावर अशा खाचा पडतात. पाचेक वर्षांच्या आतल्या मुलात त्या सहसा दिसत नाहीत, कारण त्या पडायला काळ जावा लागतो.

गजूची महाधमनी जन्मापासून एका जागी आवळलेली होती. हृदयातून निघून ती वर कमानीसारखी वळते, डोक्याला आणि दोन्ही हातांना फांद्या देते आणि मग खाली उतरते. डाव्या हाताची फांदी निघाल्यानंतर लगेचच, जिथे गर्भात असताना एक जोडवाहिनी येऊन मिळते, नेमकं तिथे तिचं तोंड चिमटीत धरल्यासारखं अरुंद होतं. याला कोआर्क्टेशन म्हणतात. शंभर जन्मजात हृदयदोषांत पाच ते आठ या प्रकारचे असतात. फारच घट्ट असेल तर जन्मानंतर काही दिवसांत ती जोडवाहिनी बंद होताच बाळ धापा टाकू लागतं आणि कळतं. थोडं सैल असेल तर मूल वाढतं, शाळेत जातं, कापूस वेचतं.

ते कसं वाढतं, हे समजायला आमच्या घरच्यांना वेळ लागला नाही. पाटात मधेच माती धसली की पाणी काही थांबून राहत नाही. ते आधीच्या बारीक सऱ्यांतून शिरतं, धुरा खचवतं, दुसऱ्याच्या वावरातून फिरून खालच्या अंगाला पुन्हा पाटाला येऊन मिळतं. सऱ्या रुंद होत जातात. गजूच्या शरीराने तेच केलं. खांद्याच्या, मानेच्या, छातीच्या आतल्या लहान धमन्या मोठ्या झाल्या. बरगड्यांखालच्या धमन्यांत रक्त उलट्या दिशेने वाहू लागलं आणि त्यातून खालच्या महाधमनीला, मूत्रपिंडांना, पायांना पोचू लागलं. या आडवाटांपैकी एक मज्जारज्जूच्या पुढच्या अंगाने जाते. तिथे एकच धमनी असते, मानेपासून खालपर्यंत, मुळात सुतळीपेक्षाही बारीक. तिचं काम मज्जारज्जूला पोसण्याचं. गजूच्या अंगात तिच्यावर अर्ध्या शरीराचं रक्त खाली नेण्याचं काम पडलं. सीटी अँजिओच्या चित्रात ती जाडजूड, वळणं घेत उतरताना दिसत होती आणि एका वळणावर तिला लहानसा फुगा आला होता. त्याची भिंत पातळ, आणि आवळलेल्या जागेच्या वरच्या बाजूचा दाब २०० चा. गाठोडं उचलताना माणूस श्वास रोखतो, तेव्हा तो आणखी वाढतो.

सत्तावीस वर्षं ज्या वाटेने त्याला चालतं-फिरतं ठेवलं, तीच फुटली. हे ऐकल्यावर मला त्या धमनीचा राग आला नाही. उलट माया वाटली. तिला झेपत होतं तोवर तिने ओझं वाहिलं.

आता अडचण अशी होती की दोन्ही बाजूंनी भीती. बीपी खाली आणलं नाही तर फुगा पुन्हा फुटेल. फार खाली आणलं तर आवळलेल्या जागेच्या पलीकडे, म्हणजे मूत्रपिंडांना आणि आधीच रक्ताच्या दाबाखाली चिरडलेल्या मज्जारज्जूला, पुरेसं रक्त पोचणार नाही. मूत्रपिंडांना तर जन्मापासून वाटत आलंय की शरीरात रक्त कमी आहे. ती सतत दाब वाढवण्याचे रस सोडत असतात, म्हणून नुसत्या गोळ्यांनी हे बीपी नीट वळत नाही. आवळलेली जागा लगेच मोकळी करावी, तर स्टेंट, म्हणजे धमनीला आतून टेकू देणारी जाळीची नळी, घालताना रक्त पातळ करण्याचं औषध द्यावं लागतं आणि पाठीत ताजं रक्त साकळलेलं. हृदयाचे, मेंदूचे आणि मणक्याचे डॉक्टर एका टेबलाभोवती बसले. इतक्या विरळ आजारात छापील पाठ नसतो. जगभरातून अशा रुग्णांची नोंद होते ती एकेकट्याने, आणि प्रत्येकाचा मार्ग थोडा वेगळा. साकळलेल्या रक्ताचा मज्जारज्जूवरचा दाब वाढत नव्हता, म्हणून पाठ उघडायची नाही, असं ठरलं. बीपी शिरेतून औषध देऊन हळूहळू उतरवायचं, वाट पाहायची, रक्त विरलं की स्टेंट. मेंदूच्या धमन्यांचंही चित्र काढलं, कारण कोआर्क्टेशन असलेल्या दहातल्या एकाच्या आसपास माणसांच्या मेंदूतही असे फुगे सापडतात. तिथे काही नव्हतं.

त्या वाट पाहण्याच्या काळात मी या आजाराबद्दल मिळेल ते वाचलं. वॉर्डाबाहेरच्या बाकावर दुसरं काय करणार? इटलीच्या मॉर्गान्यी यांनी १७६० मध्ये शवविच्छेदनात अशी आवळलेली महाधमनी पाहून तिचं वर्णन केलं. त्यानंतर जवळजवळ दोन शतकं डॉक्टरांना हा आजार कळत होता, पण हात लावता येत नव्हता. ऑक्टोबर १९४४ मध्ये स्टॉकहोमला क्लॅरेन्स क्राफूर्ड यांनी एका शाळकरी मुलाची आवळलेली जागा कापून काढली आणि दोन टोकं एकमेकांना शिवली. पुढे १९८० च्या दशकात बारीक नळीच्या टोकावरचा फुगा धमनीतून आत नेऊन, तिथे फुगवून ती जागा रुंद करता येऊ लागली, त्यानंतर स्टेंट आले. ब्रिटनचे मॉरिस कॅम्पबेल यांनी १९७० मध्ये उपचार न झालेल्या रुग्णांची हकिगत मांडली. बालपण पार केलेल्यांतले निम्मे तिशीच्या सुरुवातीलाच गेलेले, चारांतले तीन ४६ वर्षांपर्यंत. हृदय थकून, महाधमनी फुटून, हृदयात जंतुसंसर्ग होऊन, मेंदूत रक्तस्राव होऊन. या चार मोठ्या कारणांत मज्जारज्जूचा रक्तस्राव नाहीच, इतका तो विरळ.

तो आकडा वाचून मी गावातली तिशी-पस्तिशीत अचानक गेलेली माणसं आठवू लागले. "बसल्याजागी गेला", "रात्री झोपला तो उठलाच नाही", "डोक्याची शीर फुटली". कोणाला काय होतं हे आता कोण सांगणार? पण त्यांतल्या एखाद्याच्याही जांघेवर आयुष्यात एकदा कोणी बोटं ठेवली नसतील, हे मी खात्रीने सांगू शकते.

मला या सगळ्यात सारखी टोचत राहते ती हीच गोष्ट. एमआरआय नागपूरला, सीटी अँजिओ नागपूरला, स्टेंट नागपूरला, हे समजू शकतं. आजार मात्र ओळखला गेला तो दोन बोटांनी. मनगटाचा आणि जांघेचा ठोका एकाच वेळी लागतो की जांघेचा उशिरा आणि दुबळा लागतो, एवढंच पाहायचं. वीज नको, नेट नको. उपकेंद्रात, अंगणवाडीच्या ओसरीवर, आईच्या मांडीवर बाळ असताना हे होऊ शकतं. जन्मल्यावर बाळाच्या पायाला लावतात ते ऑक्सिजन मोजायचं यंत्र हा दोष पुष्कळदा पकडत नाही, कारण रक्तात ऑक्सिजन पुरेसा असू शकतो, ते पोचतं कमी. बोटं पकडतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं २०१३ पासून अंगणवाड्या आणि शाळांत येतात, १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासतात. गजू तेव्हा शाळेबाहेर पडला होता. मी शिक्षिका आहे. आमच्या शाळेत पथक आलं की मी डॉक्टरांना विनंती करते, ज्या पोरांचं सारखं डोकं दुखतं, घोळणा फुटतो, खेळताना पोटऱ्या धरतात, त्यांच्या जांघेची नाडी पाहा आणि बीपी हातात आणि पायात दोन्हीकडे घ्या. मुलींच्या बाबतीत तर जास्तच. वयाच्या मानाने फार ठेंगणी राहिलेली आणि पाळी न आलेली मुलगी असेल तर टर्नर सिंड्रोम या मुलींतल्या जन्मजात गुणसूत्रदोषाचा विचार करावा लागतो आणि त्यात हा दोष बऱ्याच जणींना असतो. लाजेपोटी या तपासणीला आपण अंग चोरतो. आडोसा करावा, आईला किंवा बाईंना शेजारी उभं करावं, पण तपासणी सोडू नये.

गजूचा उजवा पाय आधी हलला. अंगठा. काकांनी तो दहा जणांना दाखवला. डावा मागाहून आला, आणि अजून पूर्ण आलेला नाही. लघवीची नळी काढायला पुष्कळ दिवस गेले, त्याबद्दल तो कोणाशी बोलत नसे. स्टेंटच्या आधी डॉक्टरांनी शस्त्रक्रिया आणि स्टेंट दोन्हींची माहिती दिली. छाती उघडून केलेल्या शस्त्रक्रियेत पाय लुळे पडण्याचा धोका हजारात चारेक जणांना असतो. त्यातही ज्यांच्या आडवाटा चांगल्या रुंद, त्यांना तो कमी, कारण महाधमनी चिमट्यात धरलेली असताना मज्जारज्जूला त्या वाटांनीच रक्त मिळतं. गजूच्या बाबतीत स्टेंट बरा, असं सगळ्यांचं मत पडलं. महात्मा फुले योजनेची कागदं आरोग्यमित्रांनी करून दिली. रुग्णालयाबाहेर झालेला खर्च मात्र तुरीच्या भरवशावर उधारीत राहिला.

जांघेतून तार घालून स्टेंट बसवला. संध्याकाळी भेटायला सोडलं तेव्हा काकूने सवयीने त्याच्या पावलांवर चादर ओढली आणि हात तिथेच ठेवला. मग मला हाक मारली, "हात लावून पाह्य, ताई. गरम हायेत." मी हात लावला. तळवे, बोटं, टाचा, सगळं उबदार. त्या निवासी डॉक्टरने येऊन पुन्हा दोन्हीकडे बोटं ठेवली आणि या वेळी गजूचाच हात धरून त्याच्या जांघेवर नेला. "घे, तूच मोज."

नंतरच्या एमआरआयमध्ये पाठीतला फुगा लहान झालेला दिसला. मोठ्या वाटेने रक्त जाऊ लागलं की आडवाटांवरचा ताण उतरतो, त्या बारीक होतात, पण पूर्ण मिटतीलच असं नाही. बीपीही सगळ्यांचं नॉर्मलला येत नाही. मोठेपणी दुरुस्ती झालेल्यांत बरेच जण पुढेही गोळ्या घेत राहतात, कारण धमन्या इतकी वर्षं त्या दाबाला सरावलेल्या असतात. या माणसांपैकी निम्म्यांना हृदयाची महाधमनीकडची झडप तीनऐवजी दोनच पाकळ्यांची असते. गजूलाही आहे. ती पुढे आकसू शकते किंवा गळू शकते, म्हणून इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करत राहायचं.

घरात सध्या वाद चालतात ते यावरूनच. काकू म्हणते, पाय गरम झाले, चालतो-फिरतो, मग गोया कायले? गजू काठी टेकत वावरात जातो. काटा करायला, मजुरांचा हिशेब ठेवायला तोच लागतो. पण गाठोड्याला हात लावायची मनाई आहे आणि ती त्याला फार लागते. वेचणीच्या दिवसांत काका एकटे बंडी भरत असताना तो धुऱ्यावर बसून राहतो आणि घरी येऊन कोणाशी बोलत नाही. मागच्या महिन्यात त्याने गोळी चार दिवस घेतली नाही, मुद्दाम. बायकोने मला फोन केला. मी काही बोलायच्या आत तो फोन घेऊन म्हणाला, "ताई, घेतली आता. पण पोरीचा इको कधी करायचा ते विचार. झडपेचं पोरीत उतरते म्हणते डॉक्टर." उतरू शकतं, हे खरं आहे. तिची तारीख आणि त्याची तारीख एकाच दिवशी मिळाली आहे, पोळा झाल्यावर. सकाळची पहिली एसटी पकडायची म्हणजे नागपूरला दुपारच्या आत पोचता येतं.